त्रैक्याचा रविवार, मरोळ गावठाण

फादर बेल्शोर तापानं आजारी, म्हणून वर्ग माझ्याकडे.
मी वायरमन. देवाचं मला काय कळतं,
फ्यूज कळतो.
अकरा पोरं, एक दमलेला पंखा,
फळ्यावर कुणीतरी आधीच काढून ठेवलेला त्रिकोण.

पुस्तकातलं वाक्य सरळ आहे:
पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव,
तरी देव तीन नाहीत, देव एकच.
मी वाचलं, पोरांनी म्हटलं.
मागच्या बाकावरून ऑस्विन:
"अंकल, हे गणितात चुकीचं आहे."

चुकीचंच आहे, बाबा.
आपल्यात तर तीन तिघाडा, काम बिघाडा.

पाणी, बर्फ, वाफ असं सांगून पाहिलं.
रोवीना किणी म्हणाली, बर्फ झाल्यावर पाणी कुठे जातं?
येशू नदीत उभा होता तेव्हा वरून कोण बोललं?
मग म्हटलं, मलाच बघा,
घरात बाप, कामावर मेस्त्री, देवळातल्या कोरसमध्ये बेसूर.
म्हणाली, तुम्ही तिघं एकमेकांशी बोलता?
(बोलतो, पोरी. रात्री. पण ते वेगळं.)
शेवटी माझं हुकमाचं पान, थ्री-फेज:
लाल, पिवळी, निळी, वीज एकच.
"एक गेली तर आमच्याकडे दोनवर चालतं,"
ऑस्विन म्हणाला, "फक्त लिफ्ट बंद."
तिथे मी खडू ठेवला.

गेल्या वर्षी सहलीला घारापुरीला नेलं होतं यांना.
तीन मुखांच्या त्या दगडासमोर
एकानं घाईघाईनं क्रुसाची खूण केली.
फादर हसले. तसं नाही रे, म्हणाले.
मग कसं, ते मचव्यात बसेपर्यंत
त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हा मी पुस्तकात नसलेलं सांगितलं.

कुर्ल्याचं नर्सिंग होम, सत्त्याण्णवचा मे.
माझा इव्हान निळा जन्मला. रडेना.
तोवर मी वायरमन होतो, नवरा होतो,
पेद्रू आताइदचा धाकटा होतो,
बाप नव्हतो.
बाप आधी, मुलगा मागाहून, हे साफ खोटं.
ज्या मिनिटाला तो, त्याच मिनिटाला मी;
भिंतीवरच्या घड्याळात दोघांची एकच वेळ.
तो श्वास घेईना,
मला घेता येईना.

सत्यभामा सिस्टर, रत्नागिरीकडची,
मंगळसूत्र मागे पाठीवर टाकून
त्याच्या एवढ्याशा तोंडावर वाकली आणि फुंकलं,
तान्ह्याचं दूध निववतात
तेवढंच, जपून.

तो रडला. मी रडलो.
कोण आधी ते विचारू नका.

ती फुंकर कुणाची?
सिस्टर म्हणाली, माझं काय त्यात, आणि हात धुवायला गेली.
त्याच्यात गेली, माझ्यातही आली असणार,
नाहीतर मी उभा कसा राहिलो.
दिसली नाही. बिलातही नव्हती.

इव्हान आता दोह्याला असतो. रविवारी फोन करतो.
जेवलास? जेवलो. उकडतंय? उकडतंय.
मग दोघं गप्प, मिनीट मिनीट,
आणि कुणीच फोन ठेवत नाही.
त्या गप्प बसण्यात कुणीतरी असतं.
हे मी पोरांना सांगितलं नाही.

"मग उत्तर काय लिहायचं?" ऑस्विन.
लिही, मेस्त्रीला आलं नाही.
त्यानं खरंच लिहिलं.

घंटा झाली. सगळे उभे राहिले,
पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने,
कपाळ, छाती, खांदा, खांदा,
आमेनच्या आधीच बाकं सरकली.
रोवीना दारात थांबली, चप्पल एका पायात.
"अंकल, तिघं आहेत ना?
मग नावांनी का नाही? नावाने का?"

माझ्या हाताला खडू होता.
मी तो पँटला पुसत राहिलो.