नावाचा रकाना

तरडगावच्या फाट्यावर उतरले तेव्हा
थर्माकोलच्या पेटीत बर्फ अजून वाजत होता.
झुंबरताई गोफणे बांधावर उभ्या,
हातात मुळासकट उपटलेलं टोमॅटोचं झाड.
"घ्या. सांगा आता, काय झालंय याला."

पान उताणं केलं.
शेंडा जळल्यागत काळा, कडेला तांबूस कडी,
आणि मधली पानं सुतळीसारखी अरुंद.
एकाच कागदावर दोन हस्ताक्षरं.

"संक्रांतीला काय होतं?"
"काय नव्हतं. आठवडाभर ढग.
मावा दिसला थोडा. झाडं नुसती गप."

गप, असंच लिहिलं मी वहीत.
पहिला तेव्हाच आला असणार
माव्याच्या सोंडेतून,
आणि थंडीत पडून राहिला पानाच्या आत
परगावी भाड्याची खोली घेऊन
महिनाभर दिवाही न लावणाऱ्यासारखा.

मग मार्च. कालव्याचं आवर्तन लांबलं.
शेजारचं कलिंगड निघालं, वेल वाळले,
त्यावरचे फुलकिडे उठून इकडे आले
दुसऱ्याला पोटात घेऊन.
एकटा कुणीही असता
तर चार तोडे तरी झाले असते, वाटतं.
वाटतं एवढंच.
कुणी कुणाला वाट करून दिली,
त्यात उन्हाचा हात किती,
हे पान सांगत नाही.

फॉर्मवर रकाना एकच: रोगाचे नाव.
दोन लिहिली, दुसरं रेघेबाहेर गेलं.
समासात बारीक अक्षरात: दुपारी एक, अडतीस अंश.

"इकडं या," ताई म्हणाल्या.
शेवग्याच्या सावलीत सहा झाडं.
तीच जात, त्याच ट्रेमधली रोपं, लागणही त्याच दिवशीची.
पानं थोडी वळलेली,
पण फळाला लाली चढत होती.
तापमापक धरला: तेहतीस.
त्यांचीही पानं घेतली, पिशवीवर आकडे टाकले.
दोघं यांच्यातही असतील.
फक्त इथं अजून भांडण पेटलं नाही.

ताईंनी एक टोमॅटो पदराला पुसला,
मला दिला.
"ही पण उपटायची का?"

पुस्तकात उत्तर एका शब्दाचं आहे.
पेटीचं झाकण लावलं, चिकटपट्टी ओढली,
पुन्हा काढली, पुन्हा लावली.
टोमॅटो गोड होता, साल जरा जाड.

एसटी चारला होती.
साडेतीनला मी हो म्हणाले.