कमी तिथे

वाग्न म्हणायचा, काढत जा.
काढता येईल ते सगळं काढ.
खुर्ची कोसळली
की शेवटचं काढलेलं तेवढं परत लाव.

हे तो हसून म्हणायचा नाही.

स्वेनबोरच्या बंदरामागे, दोरखंडांच्या जुन्या गुदामात
आमचं दुकान. उत्तरेला खिडक्या, चुन्याच्या भिंती,
डिसेंबरात साडेतीनलाच दिवे.
मी बैठका विणते. कागदाचा पीळदार दोर,
एका खुर्चीला एकशे वीस मीटर,
ओलसर फडक्यातून ओढून घेतलेला.
एकतीस वर्षांत डाव्या करंगळीला
चर पडलाय, अंगठी काढून ठेवल्यासारखा.

घरीही वाग्न तसाच. एक ताट, एक पेला,
एक खुंटी, तिच्यावर एक कोट.
पाहुणा आला तर पेला पाहुण्याला,
स्वतः वाडग्यातून कॉफी.
मासिकवाले त्या खोलीचे फोटो काढून गेले.
उजेडाबद्दल दोन पानं लिहिली.
थंडीबद्दल ओळही नाही.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

मंगळवारी ओडेन्सहून एक दातांची डॉक्टर आली,
ब्लँकेटात गुंडाळलेली खुर्ची घेऊन.
वाग्नच्या हातची, एकोणऐंशी सालची, ओकची,
साबणाच्या पाण्याने धुऊन धुऊन
सायीच्या रंगावर आलेली.
"मागचा डावा पाय कुरकुरतो," ती म्हणाली,
"मी एकटी जेवायला बसले की. एरवी नाही."

जुना सरस वाफेने उकलतो.
किटलीची तोटी जोडाला लावून बसले.
मग लाकडी हातोडीचे दोन ठोके.
कुसू बाहेर आलं
आणि त्याच्याबरोबर चार घड्यांचा कागद.

म्हणजे खाच मोठी झाली होती.
वाग्नची पटाशी घसरली होती, जेमतेम नखभर,
आणि त्याने,
ज्याने एका चुकलेल्या फेऱ्यापायी
मला अख्खी बैठक उसवायला लावली होती,
त्याने खिशात हात घातला होता.

कमी तिथे आम्ही म्हणत
तो कागद पंचेचाळीस वर्षं अंधारात
दाबून बसला होता,
वर कुणा ना कुणाचं जेवण.

उलगडला. एरो बेटाच्या फेरीबोटीचं तिकीट.
तारीख सरसाने खाल्लेली, बाकी वाचता आलं:
प्रौढ दोन. सायकल एक.

दोन.

मी नव्हे. मी तेव्हा शाळेत होते,
शिवाय मला धक्क्यावर उभं राहूनही मळमळतं.
दोन माणसं, एक सायकल,
पायडल कोण मारत होतं, मागे कोण,
चढाला कोण आधी उतरलं असेल,
किटलीतलं पाणी आटून बूड तडतडायला लागलं
तेव्हा भानावर आले.

यास्पर, आमचा नवा मुलगा, म्हणाला,
ओकची पातळ फाक तासून देतो, ती घाला,
शंभर वर्षं हलणार नाही.
बरोबर होतं त्याचं. तासलीही त्याने,
रंध्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली.
ती घातली, नीट बसली.
तिच्या मागे, त्याच जुन्या घड्यांवर, तिकीट.

आता ते काहीच पेलत नाही.
काढता येण्यासारखं होतं.

शुक्रवारी डॉक्टर आली. बसली, मागे रेलली,
कान देऊन थांबली, दाताला हात लावून थांबतात तशी.
"काय झालं होतं?"
"सैल होतं जरा."
सरस, दोन तास, एवढंच लिहिलं.
तिने पैसे दिले, पावतीची घडी घातली,
पुन्हा एक घडी,
आणि न बघता कोटाच्या खिशात टाकली.