आठवड्याचे तास

वॉसॉच्या या शाळेत माझी खोली जिमच्या मागे.
भिंतीपलीकडे दिवसभर चेंडू आपटत असतो
आणि अलीकडे मी मुलांना सांगत असते
मॅडिसनला नंबर लागायचा, तर काय काय करावं.
शेवटच्या वर्षी गणित सोडू नकोस.
एक नोव्हेंबरची मुदत म्हणजे मधलं ऑक्टोबर समज.
रसायनात सी आला त्या सत्राबद्दल दोन ओळी लिही,
रडगाणं नको, कारण दे.
शिफारस त्या सरांकडून घे
ज्यांनी तुला चुकताना पाहिलंय.
फी माफ होते. मागायला लाजू नकोस.

मी लातूरची.
आमच्याकडे चार वाजता क्लासचे दिवे लागायचे
आणि आम्ही अर्धा अर्धा मार्क टिपायचो,
सांडलेले तांदूळ टिपावेत तसे.
भावाचं मेडिकल एका मार्कानं हुकलं.
वडील शेवटपर्यंत त्या मार्काबद्दल बोलायचे,
परगावी गेलेल्या, पत्र न पाठवणाऱ्या
मुलाबद्दल बोलावं तसं.

आज समोर माय सी श्योंग.
त्यांच्या ह्माँग भाषेत लहान मुलींना लाडानं माय म्हणतात.
माझ्या भाषेत काय म्हणतात ते मी तिला सांगितलं,
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा.
तिनं एकच भरलेली:
बँड. क्लॅरिनेट. नववीत सोडला.

"शनिवारी काय करतेस?"
"जिनसेंग काढायला जाते. काकांबरोबर."
तिची नखं मी तेव्हा पाहिली.
"आणि शाळा सुटल्यावर?"
"सोमवार, बुधवार, शुक्रवार आजोबांचं डायलिसिस.
डॉक्टरांचं त्यांना सांगायचं, त्यांचं डॉक्टरांना."
"सगळं सांगतेस?"
"नाही.
काही शब्द आमच्याकडे नाहीत.
काही आहेत, पण ते मी सांगत नाही."

चेंडू थांबला होता.
की मला तसं वाटलं.

"मग हे का नाही लिहिलंस?"
"हा उपक्रम नाही," ती म्हणाली. "हे घर आहे."

माझ्या नोकरीचा हाच तर भाग,
लोकांच्या घरातून उपक्रम काढायचे.
मी खुर्ची तिच्याजवळ ओढली,
बोटांवर हिशोब मांडला:
चार तास गुणिले तीन, जाणं-येणं वेगळं,
शनिवारचे आठ. तेवीस तरी भरतात.
सुतारसाहेबांचा मुलगा रोबोटिक्सचे बारा लिहून गेला कालच.
त्यातले सहा पिझ्झ्याचे, हे मी जाणते.

तिनं चौकटीत तेवीस लिहिलं.
बघत राहिली.
खोडलं. सतरा लिहिलं.
"हे काय?"
"सुईनंतर दोन तास ते झोपतात.
तेव्हा मी होमवर्क करते.
ते नाही धरले."

माझ्यातलं लातूर तडक उठून उभं राहिलं:
धर, तेही धर, अगं सहा तास आहेत,
कुणी मोजायला येत नाही,
एका मार्कानं माणसं आयुष्यभर गावातच राहतात.
तोंडाशी आलं होतं.
मी पाण्याची बाटली उघडली, झाकण लावलं,
म्हटलं, शुद्धलेखन एकदा तपासून घेऊ.

अर्ज पाठवण्याआधी तिनं एक प्रत छापून मागितली.
आजोबांना दाखवायला.
"वाचतात ते?"
"अक्षरं नाही. आकडे वाचतात."

तिनं कागदाची घडी करून क्लॅरिनेटच्या जुन्या पेटीत ठेवली.
त्या पेटीत आता डबा असतो
आणि आजोबांचे लोकरी मोजे.

जानेवारीअखेर कळेल काय ते.
मला मात्र आत्तापासूनच तो म्हातारा दिसतो,
नळ्या लावलेल्या हातानं कागद लांब धरलेला,
सतरावर बोट ठेवून नातीला विचारणारा,
एवढेच?