उन्हाळी आवाज

नाव त्याचं एझ्रा पेटीबोन.
पेटी त्यानं जन्मात वाजवली नसेल,
गिटार वाजवायचा, काचेच्या नळीनं तारा घासत.
पण गोळीबार चौकात एखादं नाव आलं
की घरचं होऊन राहते,
म्हणून पेटीबुवा.

तबकडी एकच.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून डेस्मंड ड्रायव्हर
पर्थला निघाला, तेव्हा खाट, आरसा, कोंबड्यांचं खुराडं
सगळं विकलं त्यानं. ही तेवढी
निनाव्यांच्या हातात ठेवली,
"हे विकायचं नसते, वामन."

वामन निनावे, एम्प्रेस मिल, रिंग खातं.
इंग्रजी नाही येत. अख्ख्या तबकडीत
एकच शब्द त्यांना ओळखू आला: कॉटन.
दुसऱ्या गाण्यात, तिसऱ्या ओळीत.
तिथं ते दर वेळी खोकत
आणि खोकला संपल्यावर म्हणत,
"हा आपल्याच खात्यातला माणूस."

मग नलू गजभिये येऊ लागली, मेयोतली नर्स,
रात्रपाळीच्या आधी, डबा मांडीवर.
तिचा बाप इंदोऱ्यात गायन पार्टीचा ढोलकीवाला.
मी विचारलं, रडून राहिला का गं हा?
"रडून नाही राहिला बे.
हजेरी घेऊन राहिला."
कोणाची?
तिनं डब्याचं झाकण लावलं.

मी कूलर दुरुस्त करतो. मोटर मला कानानं कळते.
म्हणून मलाच आधी समजलं
की पेटीबुवाला दोन आवाज आहेत.
हिवाळ्यात चिरका, तरणा,
संध्याकाळी बर्डीवर निघालेल्या पोरासारखा.
आणि मे महिन्यात,
सत्तेचाळीस डिग्रीत, गल्लीभर कूलर लागले,
व्होल्टेज बसलं, की तबकडी जडावून फिरायची
अन् तो विहिरीच्या पायऱ्या उतरायचा.
शेवटच्या पायरीवर,
जिथं पाणी असायला पाहिजे आणि नसते,
तिथं बसून गायचा.

तेवढ्यासाठी आम्ही उन्हाळे सोसले.
दुकानात मी स्टॅबिलायझर विकायचो,
त्या घरात कधी लावला नाही.

पुढं नातवानं, प्रणयनं, फोनवर लावून दाखवला.
स्वच्छ. खरखर नाही.
"आबा, हा खरा आवाज. तुमची मशीनच स्लो होती."
निनाव्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून पूर्ण ऐकला.
"चांगला आहे," म्हणाले,
"लहान आहे अजून."

गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला.
पाच उन्हाळे पेटीबुवा तरणाच राहिला.
मी म्हटलं, पंख्याचा रेग्युलेटर लावून देतो,
पाच मिनिटांचं काम.
नलू आता रिटायर, गुडघे धरून बसलेली.
"ओढून नको आणू बाप्पा. येईन तो."

यंदा घरोघरी एसी आले.
नवतपाचा चौथा दिवस,
रात्रीचे साडेनऊ, बल्ब पिवळा पडला.
दुसरं गाणं. तिसरी ओळ जवळ येत होती.
लांबून पायी आलेल्या माणसासारखा,
उंबऱ्याशी थोडा थांबत,
आवाज खाली उतरला.

निनाव्यांनी खोकला धरून ठेवला.
नलू काही बोलली नाही,
सरकली फक्त,
सतरंजीवर एका माणसाची जागा केली.