सहा पॉइंट दोन

हिंदुराव खाड्यांच्या म्हशीचं दूध
मशीनमध्ये सहा पॉइंट दोन आलं
आणि ते म्हणाले, सात हाय.
मी म्हणाले, मशीन सांगतंय.
"मशीन खरं बोलतंय हे तुला कुणी सांगितलं?"
कंपनीनं.
"आणि कंपनीला?"

पावती घेतली, किटली हलवत गेले.
पायरी उतरेपर्यंत विसरलेही असतील.
मी अकरा वर्षं वडणग्याच्या डेअरीत बसते,
सकाळ-संध्याकाळ लोकांना त्यांच्या दुधाचा आकडा देते.
त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी केएमटी धरून शहरात.
वाचनालयात कुंभोजकर सरांना विचारलं,
तत्त्वज्ञान शिकायचं तर पहिलं पुस्तक कुठलं?
चष्मा कपाळावर गेला. "भारतीय का पाश्चात्त्य?"
म्हणजे गायीचं का म्हशीचं.
मी म्हणाले, सुरुवातीचं.
"त्याला सुरुवात नसते," म्हणाले,
आणि शिडी लावून सगळ्यात वरचा ग्रंथ काढला.
कार्डावर एकच शिक्का,
माझ्या जन्माआधीचा.

तीन आठवडे मी प्रस्तावनेतच राहिले.
तिथला माणूस दर पानावर म्हणायचा,
हे वाचकांना विदितच आहे.
नव्हतं विदित.
परत करताना सरांनी विचारलं, झालं वाचून?
हो म्हणाले.
तत्त्वज्ञानातलं माझं पहिलं खोटं.

बिंदू चौकात, तटाच्या सावलीला
शिकलगार चाचा जुनी पुस्तकं मांडून बसतात,
पोलीस भरतीचे गाईड, पंचांगं, विणकाम.
त्यांनी पूर्व-पश्चिम काही विचारलं नाही.
औषधाच्या दुकानात विचारतात तसं म्हणाले,
"झालंय काय तुला?"
मी दुधाचं सांगितलं. खाड्यांचं सांगितलं.
चाचांनी गाईडांखालनं एक बारकं पुस्तक ओढलं,
कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत,
समासात कुणाच्या तरी शिसपेन्सिलीच्या खुणा.
"वीस रुपये. शेवट नाही त्याला."
आणि शेवट असता तर?
"तर पंधरा."

गंगावेशीत कट्ट्यावर बसून उघडलं.
ज्ञान होण्याचे मार्ग. पहिला, प्रत्यक्ष.
मान वर केली तर समोर म्हैस पिळत होते,
आणि एक पैलवान मिशीला फेस लावून उभा.
इथं पावती कुणी मागत नाही.
डोळ्यांदेखत धार.
ग्लास तेवढा आधीच विसळून ठेवलेला,
तळाला घोटभर पाणी.
ते पैलवानानं पाहिलं होतं का?

दुसरा मार्ग बसमध्ये लागला. अनुमान.
धूर दिसला की आग आहे म्हणून समजावं.
शिवाजी पूल ओलांडला, ऊन उतरलेलं,
उसाच्या शेंड्यांवर पांढरा पट्टा.
मी शेजारच्या बाईला म्हणाले,
पेटलं म्हणायचं गुऱ्हाळ यंदा लवकर.
"कुठलं गुऱ्हाळ?
ते मोडून दोन वर्सं झाली की.
लग्नाचं लॉन केलंय तिथं.
धुकं हाय ते, नदीचं."

आणि वास?
काहिलीतल्या रसाचा वास मला आला होता.
आजही शपथेवर सांगेन, आला होता.

पुस्तकात पाहिलं. त्याच पानाच्या कडेला
पेन्सिलवाल्यानं एवढंच लिहिलेलं,
"मग?"
पुढची चार पानं वाळवीनं खाल्लेली.
ती कोण होती, का होता,
त्यालाही कुणी खाडे भेटले होते का,
कळायला मार्ग नाही.
म्हणजे तिसरा असेल. अजून तिथवर गेले नाही.

सोमवारी सकाळी हिंदुरावांचं सहा पॉइंट चार.
ते काही बोलले नाहीत.
मीच म्हणाले, काका,
त्या दिवशी सात तुम्हाला कशावरनं कळलं?

किटलीत बोट बुडवलं त्यांनी.
अंगठ्यावर घासलं. पुन्हा घासलं.
बोटाकडे बघत राहिले,
जणू पहिल्यांदाच आपलं बोट बघताहेत.

रांगेतनं कुणीतरी ओरडलं,
आटपा की वो, दूध नासतंय.