दोन बोटं

शेफील्डच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
ब्रोना मला आडवी करते.
"मान जरा उचल. बस, एवढीच."
बेंबीच्या वर बोटं रुतवून
ती मोजते माझ्या पोटातली फट.
"अडीच," म्हणते.
भाताला पाणी मोजतात तसं, मी म्हणते,
आणि तिला समजावत बसते
पातेलं, तांदूळ, बोटाची पेरं.
ती खरंच लिहून घेते.

अडीच बोटं.
याच पोटाच्या जोरावर मी
साताऱ्यात, तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोरीवर उलटी लोंबकळलेय,
पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर,
हात मोकळे, डोळे मिटलेले,
आणि खालून माने बाई ओरडायच्या,
"श्वास सोड गं! कोंडून कुठे नेणारेस?"

इथे दोरी मिळाली नाही, भिंत मिळाली.
जुना सुऱ्यांचा कारखाना,
आता त्यात रंगीत खुंट्या ठोकलेल्या.
पाचव्या महिन्यात पट्टा बदलला,
कमरेचा काढून खांद्यांवरून घेतला,
दोर कायम वरून, ताणलेला.
पडायचं नाही, हा करार.
आणि बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा.
म्हणून मी चढता चढता बोलायचे
खाली दोर धरलेल्या हेझलशी,
आधी हवेबद्दल, मग घरभाड्याबद्दल,
मग एकदा अर्ध्या भिंतीवरून
की बाळंतपणाहून मला
त्यानंतरच्या माझीच धास्ती वाटते.
"ऐकू आलं नाही," हेझल म्हणाली.
आलं होतं.

सातव्यात एक दिवस पाय उचलला
तर तोल भलत्याच कुणाचा.
उतरले.
तिने दोर गुंडाळला, मी बूट काढून मागितले,
माझे मला दिसत नव्हते.

आईचं पार्सल आलं:
डिंकाचे लाडू, कस्टमवाल्यांनी डबा उघडून पाहिलेला,
आणि तिच्या जुन्या सुती लुगड्याची लांब पट्टी.
"पोट बांध. सव्वा महिना उठायचं नाही."
ब्रोना म्हणते, हळूहळू चाल, पळणं इतक्यात नाही,
सहा आठवड्यांनी परत ये, मग बघू.
मी दोघींचा हिशेब मांडला,
जेमतेम चार दिवसांचा फरक.
एवढ्यासाठी कोण भांडेल?
पट्टीत मी जुईला गुंडाळते.

आता माझा सराव म्हणजे
पाठीवर पडायचं, गुडघे वर.
श्वास घेताना बरगड्या छत्रीसारख्या उघडू द्यायच्या,
सोडताना अगदी खालून,
जिथलं नाव घ्यायला कुणी शिकवलं नाही तिथून,
हलकेच आत ओढून घ्यायचं,
ओल्या अंगणातून जाताना निऱ्या उचलाव्यात तसं.
पोटाच्या मधोमध तंबू उभा राहिला की थांबायचं.
दहा वेळा. झालं.
मी. जिल्ह्यात दुसरी आलेली.

पहिल्या आठवड्यात शिंक आली आणि फरशी पुसावी लागली.
तेही ब्रोनाने लिहून घेतलं,
भाताइतक्याच शांतपणे.

आमच्या गल्लीला कठडा आहे, इतका चढ.
गाडी ढकलताना मी मोठ्याने श्वास सोडते,
शेजारचा डेरेक कुत्र्यासकट बाजूला होतो,
त्याला वाटतं मी वैतागलेय.
जोर लावताना सोड, ब्रोना सांगते.
माने बाईंचं नाव तिला सांगायचं राहूनच गेलंय.

रात्री दिवा मालवून
मी स्वतःच मान उचलते, बोटं टेकवते.
दोन. कदाचित दोनला किंचित कमी,
कदाचित मनाचे खेळ.
पुन्हा मोजावं म्हणून हात हलवते
तेवढ्यात छातीवरची जुई
झोपेतच ते बोट धरते.
मूठ अशी की सोडवता सुटेना.
मग मोजणं राहिलं.