भिंतीवर पेन्सिल

फॉर्मवर रकाना एकच: वेदना, शून्य ते दहा.
याकूब बुरोंडकर तो वाचतात, चष्मा काढतात,
म्हणतात, बाय, आकड्यात कसं सांगू?
रात्री ठणकतो. सकाळी नुसता जड,
दुसऱ्या कुणाचा हात आपल्याला लावल्यासारखा.
आणि मागच्या खिशातलं पाकीट काढायला गेलो
तर अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे.
मी ठणका ऐकते, कळ ऐकते,
रकान्यात सात लिहिते.

मनामात, गुदैबियाच्या एका गल्लीत,
शिवणयंत्रांच्या दुकानावर आमचे चार पलंग, चार पडदे.
दिवसभर कमरा येतात, माना येतात,
गुडघे येतात आणि वर पोचल्यावर जिन्यालाच शिव्या देतात,
मल्याळममध्ये, पश्तूत, अरबीत.
मला त्या सगळ्या भाषांतलं ‘हळू’ येतं.
आपल्यातलं हळू
किती महिन्यांनी तोंडात आलं.

एकोणीस वर्षं या माणसाने हात वर करून
छतांच्या पोटात थंड हवेचे पत्र्याचे डक्ट बसवले.
हॉटेलं, बँका, एका मशिदीचा तळमजला.
बाहेर डांबर बुटाला चिकटतं,
आत बायका शाल पांघरून बसतात, ते यांच्यामुळे.
या दुखण्याला आमच्याकडे गोठलेला खांदा म्हणतात.
हे सांगितलं तर इतके हसले
की हसण्यानेही कळ आली.

व्यायाम साधा. भिंतीसमोर उभं राहायचं,
बोटांनी भिंत चढायची, तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं,
खडकावर कुर्ली चढते तशी
(हे त्यांचं. मी मिरजेची, मला काय ठाऊक).
बोटं थांबतील तिथे मी पेन्सिलीने रेघ मारते, तारीख घालते.
पहिली रेघ छातीशी.
खांदा कानाकडे उचलून उंची चोरतात,
मी वरून तळहात ठेवते: चोरी नको, चाचा.
दुसरी दोन बोटं वर.
तिसरी तिथेच. त्या आठवड्यात
फोरमनने जादा पाळी लावली होती.

चौथ्या वेळी रेघांकडे बघतच राहिले.
आमच्या दाराच्या चौकटीवर अशाच आहेत, म्हणाले,
पोराच्या. त्याच्या आईने मारलेल्या.
मी जातो दोन वर्षांनी,
तोवर ती मारून मोकळी झालेली असते.
मला काही सुचलं नाही.
पुन्हा दहा वेळा, म्हणाले.
ते वळले भिंतीकडे.

माझ्या अंगठ्याच्या बुडाशी हल्ली संध्याकाळी दुखतं.
माणसांच्या पाठी दाबून असेल.
नळ बंद करताना कळतं. मी कुणाला सांगत नाही,
सांगितलं तर मलाही विचारतील, शून्य ते दहा.

विमा सहा वेळांचा.
सातव्या वेळेचे बारा दिनार ज्याचे त्याने द्यायचे.
सहाव्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, थांब, बघ,
आणि उजवा हात मागे नेला, दात आवळून,
खिशात चाचपडला,
आणि पाकीट काढून माझ्यासमोर धरलं
जादूगार कबुतर धरतो तसं.
उघडूनही दाखवलं. ओळखपत्र आणि दोन दिनार.
सातव्या वेळेचं मग दोघांनीही काढलं नाही.

घरी करायचे व्यायाम मी चित्रं काढून दिले,
टॉवेल कसा धरायचा, दार नसेल तर बंकचा खांब चालेल.
ऐकत नव्हते. वर बघत होते.
ही जाळी कुणी बसवली?
कुठली?
ही. वाकडी आहे. हवा सगळी भिंतीवर चाललीय,
पेशंटला काय मिळणार!
आणि बोलता बोलता हात वर गेला,
भिंतीशिवाय, मोजल्याशिवाय, कुर्लीबिर्ली काही नाही,
कोपर सरळ, बोटं पसरलेली,
जाळीच्या खाली वीतभर येऊन थांबला.

स्टूल आहे? त्यांनी विचारलं.

पेन्सिल माझ्या खिशातच होती.
स्टूल आणायला गेले.